आठ मिनिटांत मावणारा विक्रम

ग्रोव्हर कोव्हिंग्टन कॅनडात ११ वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला. ज्या गोष्टीमुळे त्याचं नाव राहिलं, तेवढीच कुणी सलग जोडून दाखवायची म्हटली तर हातातला चहा गार व्हायच्या आत ती संपेल. त्याच्या नावावर १५७ सॅक आहेत. कॅनेडियन फुटबॉल लीगमध्ये याहून जास्त कुणाला साधलेल्या नाहीत. एक सॅक सुरू होऊन संपेपर्यंत साधारण ३ सेकंद जातात. १५७ गुणिले ३, म्हणजे ४७१ सेकंद. ७ मिनिटं ५१ सेकंद.

हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही, म्हणून आधी कामाचं स्वरूप सांगतो. चेंडू लंबगोल, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू हातात आला की तो चार पावलं मागे सरकतो, पुढे पळालेल्या साथीदारांपैकी कोण मोकळा आहे ते पाहतो आणि त्याच्याकडे चेंडू फेकतो. चेंडू हातातून सुटायच्या आत त्याला गाठून आडवा केला की झाली सॅक. अर्थात त्याला कुणी उघड्यावर सोडत नाही. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंत धरून उभे असतात. ही भिंत फोडायची, नाहीतर तिला वळसा घालून आत शिरायचं, हे डिफेन्सिव्ह लाइनमनचं काम. कोव्हिंग्टन त्या रांगेच्या टोकाला, डिफेन्सिव्ह एंडच्या जागी खेळायचा. माणूस मूळचा अमेरिकेतला. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात जॉन्सन सी. स्मिथ नावाचं विद्यापीठ आहे, तिथे तो शिकला आणि खेळला. १९८१ मध्ये तो ओंटारिओतल्या हॅमिल्टनच्या टायगर-कॅट्स संघात आला आणि १९९१ पर्यंत तिथेच राहिला.

आता हे सगळं केवढ्या जागेत चालतं ते पाहू. कॅनडातलं मैदान अमेरिकेतल्या मैदानाहून बरंच मोठं असतं. गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत ११० यार्ड, रुंदी ६५ यार्ड आणि दोन्ही टोकांना २०-२० यार्डांचे एंड झोन. (कोव्हिंग्टन आला तेव्हा हे एंड झोन २५ यार्डांचे होते, १९८६ मध्ये ते कमी केले.) गुणाकार केला की ९,७५० चौरस यार्ड होतात. आपल्या हिशेबात ८० गुंठे, म्हणजे दोन एकर भरून वर थोडं. अमेरिकेतलं मैदान ६,४०० चौरस यार्डांचं, ५३ गुंठ्यांचं. खेळाडू अमेरिकेत एका बाजूला ११ आणि कॅनडात १२. वाटणी केली तर अमेरिकेत एकेकाच्या वाट्याला २९१ चौरस यार्ड येतात, कॅनडात ४०६. माणूस एक वाढला, तरी राखायची जागा ४० टक्क्यांनी वाढली.

या ८० गुंठ्यांत डिफेन्सिव्ह लाइनमनच्या जिवावर येणारं अंतर मात्र फक्त २५ इंचांचं आहे. अमेरिकेत दोन्ही रांगांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी, साधारण ११ इंचांची फट असते. कॅनडात बचावाच्या रांगेला चेंडूपासून पूर्ण एक यार्ड मागे उभं राहावं लागतं. ३६ वजा ११, म्हणजे २५ इंच. ऐकायला किरकोळ वाटतं. पण क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू राहतो जेमतेम अडीच-तीन सेकंद, आणि हे जादाचे २५ इंच कापायचे असतात अगदी पहिल्या पावलाला, अंगात वेग भरायच्या आधी. सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी तिथेच गेला असं धरा. समोरच्या गड्याला पाय रोवून हात पुढे काढायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

एक प्रयत्न जवळून पाहण्यासारखा असतो. एक हात जमिनीला टेकलेला, कंबर वर, नजर चेंडूवर. क्वार्टरबॅक आवाज चढवून ओरडत असतो, पण त्याच्या आवाजावर कोणी निघायचं नसतं. तो मुद्दाम चकवतो, आणि फसून लवकर निघालं की दंड बसतो. चेंडू हलला की निघायचं. समोरचा टॅकल, म्हणजे भिंतीच्या टोकाचा गडी, तिरका मागे सरकत जातो, १३० किलोचा देह पायांवर तोलून. त्याचे हात छातीवर बसायच्या आत ते झटकायचे, आतला खांदा गुडघ्याच्या उंचीला आणायचा आणि त्या वाकलेल्या अवस्थेतच वळण घ्यायचं. बाहेरून फार लांबचा वळसा घेतला तर क्वार्टरबॅक पुढे सरकून निसटतो. आतून गेलं तर भिंतीतला दुसरा गडी आडवा येतो. हे सगळं जमून बोटं त्याच्या जर्सीला लागतात न लागतात, तोच चेंडू गेलेला असतो. उठायचं, परत जागेवर जायचं. कॅनडात २०२५ च्या हंगामापर्यंत नियम असा होता की पंचाने चेंडू खेळात आणल्यावर पुढची चाल सुरू करायला २० सेकंद. अमेरिकेत मागची चाल संपल्यापासून ४० सेकंद मिळतात. कॅनडातल्या त्या २० सेकंदांत हाताला माती लावून पुन्हा वाकायचं.

हे किती वेळा होत असेल? लीगमध्ये १९८५ पर्यंत प्रत्येक संघ हंगामात १६ सामने खेळायचा, १९८६ पासून १८. कोव्हिंग्टनच्या ११ हंगामांत असे एकूण १८८ साखळी सामने होतात. तो त्यातले सगळे खेळला असं धरू. एका सामन्यात समोरचा संघ ३५ वेळा चेंडू फेकायला मागे गेला असं ढोबळ मानलं, तर साडेसहा हजार वेळा तो क्वार्टरबॅकच्या मागे धावला. १५७ वेळा पोचला. चाळिसातून एकदा. एवढ्या वेळा अपयश येऊनही ज्याला विक्रमवीर म्हणतात असा दुसरा धंदा मला चटकन आठवत नाही.

त्या साडेसहा हजार धावांचा एकूण वेळ, दर धावेला ३ सेकंद धरून, साडेपाच तासांच्या आत-बाहेर. फेकण्याखेरीजच्या चालीही मोजल्या, सामन्याला ६० चाली आणि चालीला ५ सेकंद धरले, तर ११ वर्षांतलं त्याचं मैदानावरचं प्रत्यक्ष काम पावणेसोळा तासांत बसतं. एवढंच कसं, असं वाटेल, पण तो खेळच तसा आहे. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये अमेरिकेतले सामने घड्याळ लावून मोजले होते. तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात होता ११ मिनिटं. बाकी वेळ उभं राहणं, चालणं, कुजबुज आणि जाहिराती.

अंतराचा हिशेब तर आणखी गमतीचा आहे. एका सॅकमध्ये समोरचा संघ सरासरी ७ यार्ड मागे जातो असं धरू. १५७ सॅकचे १,०९९ यार्ड होतात. मैदान ११० यार्डांचं, म्हणजे ११ वर्षं घाम गाळून कोव्हिंग्टनने कॅनडातल्या सगळ्या क्वार्टरबॅकांना मिळून जेमतेम दहा मैदानं मागे ढकललं. किलोमीटरभर.

मग या किलोमीटरचं एवढं कौतुक कशाला? कॅनडात १० यार्ड पुढे जायला अमेरिकेसारखे चार नव्हे, तीनच प्रयत्न मिळतात. तिसऱ्यात बहुतेक संघ चेंडू लाथाडून देतात, म्हणून खरे प्रयत्न दोनच. त्यातल्या एकात ७ यार्ड गमावले की उरलेल्या एका फेकीत १७ यार्ड काढायचे. त्यामुळे कॅनडात एक सॅक अमेरिकेतल्या सॅकपेक्षा महाग पडते, असं माझं मत आहे. प्रयत्न कमी असल्यामुळेच संघ जास्त वेळा चेंडू फेकतात आणि पाठलागाची संधीही जास्त मिळते, हे त्यावरचं उत्तर. दोन्ही खरं आहे. अमेरिकेतला विक्रम ब्रूस स्मिथचा आहे, २७९ सामन्यांत २०० सॅक. सामन्यामागे ०.७२. कोव्हिंग्टनचे सगळे १८८ सामने धरले तरी ०.८४ येतात. दुखापतीने काही हुकले असतील तर आकडा वरच जाईल. यावरून कोण मोठा हे ठरवू नये. स्मिथ १९ वर्षं खेळला आणि त्याच्यापुढच्या भिंती जास्त जड होत्या. पण २०० हा आकडा ऐकून १५७ कडे पाठ फिरवू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

एका हंगामाचे आकडे आणखी अचाट आहेत. १९८४ मध्ये व्हँकुव्हरच्या बीसी लायन्स संघाच्या जेम्स 'क्विक' पार्करने १६ सामन्यांत २६.५ सॅक केल्या. (अर्धी सॅक कशी? दोघांनी मिळून पाडला तर दोघांना अर्धी-अर्धी.) १९९९ मध्ये हॅमिल्टनच्याच जो माँटफर्डने २६ केल्या. कोव्हिंग्टनचं सर्वोत्तम वर्ष १९८८. १८ सामन्यांत २५ सॅक, आणि लीगचा सर्वोत्कृष्ट बचावपटू म्हणून निवड. तुलनेला अमेरिकेतला मायकेल स्ट्रेहॅन घ्या. २००१ मध्ये त्याने १६ सामन्यांत २२.५ केल्या तेव्हा तिकडे मोठा गाजावाजा झाला होता.

हॅमिल्टन हे पोलाद गाळणारं शहर. स्टेल्को आणि डोफास्कोच्या भट्ट्या, शेजारी ओंटारिओ सरोवर, आणि तेव्हा वस्तीच्या मधोमध होतं आयव्हर विन स्टेडियम. १९३० च्या ब्रिटिश एम्पायर गेम्ससाठी बांधलेलं, जवळपास ३० हजार माणसांचं. कोव्हिंग्टनच्या काळात हा संघ चार वेळा ग्रे कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम सामन्यात पोचला. १९८४ मध्ये विनिपेगने ४७-१७ असा धुव्वा उडवला. १९८५ मध्ये बीसी लायन्सने ३७-२४ ने हरवलं. त्या सामन्यात बचावातला सर्वोत्तम खेळाडू ठरला तोच क्विक पार्कर.

१९८६ ची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. तेव्हा पूर्व विभागाचा अंतिम सामना दोन भागांत होता, दोन्हींच्या गुणांची बेरीज करून निकाल. पहिला हॅमिल्टन घरच्या मैदानावर टोरोंटोकडून १७-३१ ने हरलं. दुसऱ्यात टोरोंटोत जाऊन ४२-२५ ने जिंकलं. बेरीज ५९-५६. १८ सामन्यांचा घाम नव्हे, तीन गुणांचा फरक त्यांना पुढे घेऊन गेला. अंतिम सामन्यात समोर एडमंटन. त्यांनी साखळीत १३ सामने जिंकलेले, हॅमिल्टनने ९. मध्यंतराला फळ्यावर २९-० होतं, हॅमिल्टनच्या बाजूने. शेवट ३९-१५. बचावातला सर्वोत्तम खेळाडू कोव्हिंग्टन. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, हंगाम तोंडावर असताना, माँट्रियलचा संघच बुडाला आणि नऊ संघांची लीग आठांवर आली. इतक्या तोळामासा प्रकृतीच्या लीगमध्ये हे आकडे जमा होत होते.

१९८९ चा अंतिम सामना टोरोंटोच्या नव्याकोऱ्या स्कायडोममध्ये झाला. ५४ हजार प्रेक्षक, समोर सस्कॅचवन. हॅमिल्टनच्या टोनी चॅम्पियनने मोडक्या फासळ्यांनिशी, अंग पिळवटून एक झेल घेतला आणि ४० विरुद्ध ४० अशी बरोबरी झाली. घड्याळात ४४ सेकंद उरले होते. हॅमिल्टनच्या रांगेला एवढंच करायचं होतं, की सस्कॅचवनचा क्वार्टरबॅक केंट ऑस्टिन याला एकदा, फक्त एकदा पाडायचं. जमलं नाही. ऑस्टिनने त्या दिवशी ४७४ यार्ड फेकले. त्याने शेवटच्या चालींत चेंडू पुढे नेला आणि त्याच्याच संघाच्या डेव्ह रिजवेने ३५ यार्डांवरून चेंडूला लाथ मारून गोल साधला. ४३-४०. कोव्हिंग्टनच्या १५७ मधली एखादी सॅक त्या ४४ सेकंदांत पडायला हवी होती, असं हॅमिल्टनमध्ये कुणाला वाटलं असेल तर त्यात चूक नाही.

आकड्यांच्या या राज्यात एक मोठी मेख आहे. कॅनडात सॅकची अधिकृत नोंद सुरू झालीच मुळी १९८१ मध्ये. अमेरिकेत १९८२ मध्ये. कोव्हिंग्टन नशीबवान, त्याची पहिली सॅकही वहीत गेली. त्याच्या आधीच्यांचं काय? हॅमिल्टनमध्ये अँजेलो मोस्का हे नाव आजही आदराने आणि थोडं घाबरून घेतात. नऊ ग्रे कप खेळला, पाच जिंकला. १९७२ मध्ये निवृत्त झाला आणि 'किंग काँग' नावाने पूर्ण वेळ कुस्तीच्या आखाड्यात उतरला. त्याने किती क्वार्टरबॅक आडवे केले? वहीत शून्य. मोजलंच नाही. त्याची आठवण वेगळ्याच आकड्याने राहिली. १९६३ च्या अंतिम सामन्यात त्याने बीसी लायन्सच्या विली फ्लेमिंगला मारलेली धडक नियमात होती की नव्हती, यावरून लायन्सचा क्वार्टरबॅक जो कॅप त्याच्यावर डूख धरून होता. ४८ वर्षांनी, २०११ मध्ये, व्हँकुव्हरच्या एका भोजन समारंभात दोघांना मंचावर एकत्र आणलं. कॅपने फूल पुढे केलं, मोस्काने झिडकारलं. मग मोस्काने काठी चालवली आणि कॅपने त्याला ठोसा मारून पाडलं. एक ७४ वर्षांचा, दुसरा ७३. चित्रफीत जगभर फिरली, लोक हसले.

मोस्काला अल्झायमर झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. त्याच्याबाबतीत खेळाचा त्यात किती हात होता ते कुणी सांगू शकत नाही. पण लाइनमनच्या डोक्याचा हिशेब वेगळा आहे, हे आता संशोधक मान्य करतात. वरच्या अंदाजाने कोव्हिंग्टनच्या वाट्याला ११ हजारांहून जास्त चाली आल्या. लाइनमनला जवळपास प्रत्येक चालीत समोरच्या देहावर आदळावं लागतं. मोठी, दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवण्यासारखी धडक क्वचित होते. छोट्या धडका मात्र हजारोंनी होतात, आणि त्या कुणी मोजत नाही. २०१७ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेले खेळाडूंचे मेंदू तपासून निष्कर्ष छापले. अमेरिकेच्या एनएफएलमधल्या १११ जणांपैकी ११० जणांत सीटीई हा वारंवारच्या आघातांनी होणारा विकार सापडला. कॅनडाच्या लीगमधले ८ मेंदू होते, त्यांतल्या ७ मध्ये. ज्यांना त्रास होत होता त्यांच्याच घरच्यांनी बहुधा मेंदू दिले, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. हे सांगितलंच पाहिजे. तरीही १११ पैकी ११० हा आकडा वाचून पुढच्या ओळीवर जायला वेळ लागतो.

आणि हे सगळं किती पैशांसाठी? २०२४ मध्ये कॅनडातल्या एका अख्ख्या संघाच्या पगाराची कमाल मर्यादा होती सुमारे ५५ लाख कॅनेडियन डॉलर. अमेरिकेत एका संघाची मर्यादा २५ कोटी ५४ लाख अमेरिकन डॉलर. चलनाचा फरक धरून साठपटीहून जास्त. याहून बोलका हिशेब असा, की अमेरिकेत त्या वर्षी अगदी नवख्या खेळाडूचा किमान पगार ७ लाख ९५ हजार डॉलर होता. असे पाच नवखे एकत्र केले की त्यांच्या पगारात कॅनडातला जवळपास पूर्ण संघ चालतो. त्यामुळे चांगला पाठलाग करणारा गडी कॅनडात टिकणं अवघड. कॅमेरून वेक २००७ आणि २००८ मध्ये बीसी लायन्सकडून खेळला, १६ आणि २३ सॅक केल्या, दोन्ही वर्षी सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला आणि मायामीला गेला. अमेरिकेत त्याने कारकिर्दीत १००.५ केल्या. तो व्हँकुव्हरमध्येच राहिला असता तर कोव्हिंग्टनचं काय झालं असतं, हा तिथल्या रसिकांचा आवडता वाद असायला हरकत नाही. जवळ पोचला तो एल्फ्रिड पेटन, अनेक संघ फिरत फिरत. १५४ वर थांबला. तीन कमी. त्याचा मुलगा त्याच नावाने पुढे एनबीएमध्ये बास्केटबॉल खेळला.

आतापर्यंत आलेली बहुतेक नावं अमेरिकेत जन्मलेल्यांची, हे एव्हाना लक्षात आलं असेल. लीगमध्ये कॅनेडियन खेळाडूंसाठी जागा राखून ठेवाव्या लागतात ते उगाच नाही. पाठलागाच्या कामात देशी गडी विरळा. किंग्स्टनचा ब्रेंट जॉन्सन हा अपवाद. बीसी लायन्सकडून त्याने २००५ मध्ये १७ सॅक केल्या, आणि २००६ मध्ये सर्वोत्कृष्ट कॅनेडियन व सर्वोत्कृष्ट बचावपटू हे दोन्ही मान एकाच वर्षी मिळवले. कॅनेडियन खेळाडूचा १७ चा तो आकडा मोडला मूळच्या माँट्रियलच्या मॅत्यू बेट्सने, लायन्सकडूनच खेळताना, २०२३ मध्ये, १८ सामन्यांत १८ सॅक करून. पुढच्या वर्षी तो डेट्रॉइटच्या सरावशिबिरात जाऊन आला आणि त्याच हंगामात लायन्सकडे परतला.

कोव्हिंग्टनला गाठायचं तर १८ सॅकची अशी पावणेनऊ वर्षं एकापाठोपाठ एक लागतील, आणि मैदान तोपर्यंत बदललेलं असेल. सप्टेंबर २०२५ मध्ये लीगने जाहीर केलं की २०२७ पासून लांबी १०० यार्ड आणि एंड झोन १५ यार्डांचे होणार. ८० चे ७० गुंठे. रुंदी तेवढीच राहील, आणि बचावाच्या रांगेने सोडायचा तो एक यार्डही.